काळ्या रेघेचा भाव

मालवणात भरडावर माझं झेरॉक्स आणि डीटीपीचं छोटं दुकान आहे. दिवसा सातबाऱ्याच्या प्रती, आधार कार्डाचं लॅमिनेशन, लग्नपत्रिका. आंगणेवाडीची जत्रा जवळ आली की बॅनर, नुसते बॅनर. रात्री साडेनऊला शटर अर्धं ओढायचं आणि त्याच कॉम्प्युटरवर गेम लावायचा, हा माझा कित्येक वर्षांचा परिपाठ. वय चाळिशीपार गेलंय. गावात हे कोणाला सांगत नाही, तुम्हाला सांगतोय.

लहानपणी आजोळच्या माळ्यावर इंद्रजाल कॉमिक्सचा गठ्ठा सापडला होता. त्यातल्या वेताळाने जी काळी जाड रेघ डोळ्यांत भरली ती आजतागायत निघालेली नाही. त्यामुळे कॉमिकसारखा दिसणारा गेम दिसला की माझा हात आपोआप खिशाकडे जातो. अशा गेमांनी मला आणि माझ्या कॉम्प्युटरला जे शिकवलं, ते इथे टिपून ठेवलंय. तांत्रिक सल्ला म्हणून घेऊ नका. सल्ला देणाऱ्याच्या मशीनवर तेव्हा सेकंदाला बावीस फ्रेम मिळत होत्या.

१. कार्टून म्हणजे हलकं, ही समजूत मला बॅनर करायच्या कोरलड्रॉने लावली. तिथे अक्षरांना काळी कड द्यायची तर एक क्लिक पुरते. नेत्याचं नाव पिवळं, त्याला दोन पॉइंटची काळी आउटलाइन, झालं. म्हणून 'बॉर्डरलँड्स २' सेलमध्ये दिसला तेव्हा मी हिशोब केला : सपाट रंग, काळ्या कडा, म्हणजे आपल्या डबड्यावर लोण्यासारखा चालणार. डबडं म्हणजे दुसऱ्या पिढीचा आय-थ्री, चार जीबी रॅम आणि जीटी ६१० नावाचं ग्राफिक्स कार्ड, ज्याला कार्ड म्हणणं हा त्याचा मोठेपणा होता. गेम सुरू झाला आणि पहिल्याच मारामारीत पडदा भजनातल्या झांजेसारखा ठेक्यावर थांबू लागला. शेजारी भाचा बसला होता, तेव्हा सातवीत. म्हणाला, "मामा, ह्या तर कार्टून. मगे अडाकता कित्याक?" मी घसा खाकरला. उत्तर माझ्याकडे नव्हतं, आणि ते शोधण्यात पुढची दोन-तीन वर्षं गेली.

उत्तराचा पहिला तुकडा मला बाजारात मिळाला. सोललेली सुंगटं वजनाला हलकी, पण भाव जास्त. कारण ती आधी अख्खी आणावी लागतात आणि मग कोणाच्या तरी बोटांनी सोलावी लागतात. गेममध्येही साधारण तसंच. पात्राच्या गालावर किती उजेड पडतो ते कॉम्प्युटर आधी नेहमीसारखं मोजतो आणि मग त्या सलग उतरत्या छटेच्या दोन-तीन पायऱ्या पाडतो : एवढं उजळ, एवढं मध्यम, एवढं काळोखात. या पायऱ्या पाडायला खर्च जवळजवळ शून्य. पण वाचतंही जवळजवळ शून्यच. प्रकाश, सावल्या, दूरवरचे डोंगर हे सगळं आधी अख्खंच आणावं लागतं.

२. खरी गंमत रेघेत आहे. ही रेघ काढायच्या दोन मुख्य रीती असतात असं कळलं, तेव्हा मी दुकानातल्या खुर्चीवर सरळ होऊन बसलो.

पहिली रीत आपल्या कोकणातल्या बांधाच्या भांडणासारखी. पूर्ण चित्र तयार झाल्यावर पडद्यावरचा प्रत्येक ठिपका आजूबाजूच्या आठही शेजाऱ्यांना विचारतो, तू माझ्याइतक्याच अंतरावर आहेस ना? आठहीजण "व्हय महाराजा" म्हणाले तर प्रश्न मिटला. एखादा म्हणाला, मी तर मागच्या डोंगराचा, की इथे हद्द बदलली, घाला काळा बांध. कडा शोधण्याच्या गणिताचा हा प्रकार गेमांसाठी जन्मलेला नाही. त्यातलं गाजलेलं सोबेलचं सूत्र १९६८ साली स्टॅनफर्डच्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रयोगशाळेत मांडलं गेलं, यंत्राला वस्तूची कड दिसावी म्हणून. आता माझ्या जुन्या मॉनिटरचा हिशोब करा. १३६६ गुणिले ७६८ म्हणजे १० लाख ४९ हजार ८८ ठिपके. सेकंदाला ३० चित्रं. प्रत्येक ठिपक्याचे आठ शेजारी. सेकंदाला पंचवीस कोटींच्या वर विचारपूस! आमच्या वाडीत एका बांधावरून तीन पिढ्या कोर्टात गेल्या. त्या मानाने जीटी ६१० बिचारं फार झटपट निकाल देत होतं.

दुसरी रीत मी स्वतः हजारदा केलेली निघाली. कोरलमध्ये कधीकधी अक्षराची आउटलाइन आतल्या बाजूला खाते, नाव बारीक दिसतं, कार्यकर्ते चिडतात. तेव्हा त्याच अक्षराची प्रत घ्यायची, थोडी फुगवायची, काळी करायची आणि मागे सरकवून द्यायची. गेमवालेही पात्राच्या बाबतीत हेच करतात. तोच पुतळा किंचित फुगवून, पूर्ण काळा, फक्त त्याची आतली बाजू दाखवून दुसऱ्यांदा काढायचा. कडेने जेवढा बाहेर डोकावतो तेवढी रेघ. म्हणजे प्रत्येक पात्र दोनदा. एकटा नायक असेल तर काही वाटत नाही, पण तीस शत्रू एकदम अंगावर आले की साठ होतात.

यातून मला उपयोगी पडलेलं एवढंच : पहिल्या रीतीचा खर्च पडद्याच्या ठिपक्यांवर, दुसरीचा गर्दीवर. रिझोल्युशन उतरवल्यावर पहिली स्वस्त होते, दुसरीला त्याचं फारसं सोयरसुतक नसतं. हे माहीत नसताना मी कुठल्याही गेमला एकच औषध द्यायचो, आणि औषध लागू पडलं नाही की दोष गेमला.

३. मी एकदा रेघ पुसली आणि वर फुशारकी मारली. 'बॉर्डरलँड्स २'च्या मेनूत रेघ बंद करायची सोय नाही. मात्र आत एका आयएनआय फाइलीत एक ओळ बदलली की ती जाते, असं कळलं. रात्री अकरा वाजता, देवाचं नाव घेऊन, आधी फाइलीची प्रत काढून (दुकानदाराची सवय) मी ती ओळ बदलली. बावीस-चोवीसवर रडणारा आकडा एकतीसवर गेला! भाच्याला दुसऱ्या दिवशी बोलावून दाखवलं. सगळा भार रेघेचाच होता, मी म्हटलं, मामाने रोग बरोबर पकडला.

पुढे सहा महिने मी हेच सांगत होतो. मग एके दिवशी शांतपणे दोन चित्रं शेजारी शेजारी ठेवून पाहिली. त्या एका ओळीने रेघच नव्हे, शेवटच्या टप्प्यावर चित्रावर चढणारे बाकीचे थरही घालवले होते. दिव्यांभोवतीचं तेज नव्हतं, दूरचं धूसर होणं नव्हतं. सात-आठ फ्रेम मिळाल्या त्या या सगळ्यांच्या मिळून. त्यात रेघेचा वाटा किती, ते मला आजही सांगता येणार नाही. गुडघा दुखतो म्हणून आंबा, भात, मासे सगळं एकदम सोडायचं आणि बरं वाटलं की म्हणायचं आंबाच बाधत होता, तसली ही माझी वैद्यकी.

४. त्याच दोन चित्रांत आणखी एक गोष्ट दिसली, आणि तिने मला खरं गप्प केलं. रेघ बंद केल्यावरही रेघा होत्याच. पात्रांच्या बाहेरची कड गेली होती. पण कपड्यांच्या चुण्या, बंदुकीवरचे ओरखडे, दगडांवरच्या भेगा, सगळं शाईने काढल्यासारखं तसंच होतं. कारण ते कोणी मोजून काढलेलं नव्हतंच. ते चित्रकारांनी हाताने रंगवून पुतळ्यांवर चिकटवलं होतं. टेक्श्चर म्हणतात त्याला.

या गेमच्या पहिल्या भागाची गोष्ट मजेशीर आहे. २००७ साली तो जाहीर झाला तेव्हा चारचौघांसारखा मातकट, खराखुरा दिसणारा गेम होता. २००९ मध्ये बाजारात आला तो कॉमिकचा वेष घालून. काम बरंच पुढे गेल्यावर त्यांनी सगळं रूप बदललं. म्हणजे मी ज्याला सेटिंग समजत होतो ते मुळात माणसांनी बसून पुन्हा केलेलं काम होतं. ते एकदाच झालं, त्यांच्या खर्चाने. माझ्या कार्डाला फक्त ते मेमरीत ठेवायचं होतं.

आणि मी काय करत होतो? वेग वाढावा म्हणून सगळ्यात आधी टेक्श्चर क्वालिटी लो. त्याने वेग एखाद-दुसऱ्या फ्रेमने हलायचा आणि हाताने काढलेल्या रेघा मात्र पावसात भिजलेल्या पत्रिकेसारख्या फिसकटायच्या. फुकट मिळालेली वस्तू फेकून विकतची जपत होतो. कार्डाची मेमरी पुरत असेल तोवर टेक्श्चरला हात लावू नये, हे मला कोणी सांगितलं नाही. सांगितलं असतं तरी ऐकलं असतं का, शंका आहे.

५. इथे मी थोडा आडरस्त्याला लागतो. कुडाळ ओलांडलं की पिंगुळी. एवढी वर्षं त्या रस्त्याने सावंतवाडीला गेलो, पण ठाकर समाजाची चित्रकथी बघायला कधी थांबलो नाही. बाहेरगावचे पाहुणे आले आणि त्यांनीच म्हटलं म्हणून गेलो. आपल्या दारातलं बघायला आपल्याला पाहुणे लागतात. परशुराम गंगावणे यांनी गुरांच्या गोठ्यात उभं केलेलं संग्रहालय तिथे आहे. त्यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा आम्ही सगळ्यांनी व्हॉट्सॲपवर अभिमान पाठवला होता, गेलो मात्र नव्हतो.

तिथे जुन्या पोथ्यांतली चित्रं बघताना मी मनातल्या मनात हसलो. रामायण-महाभारतातले प्रसंग, मोठे डोळे, सपाट रंग आणि भोवती ठाम काळी रेघ. अहो, हेच तर! मी जीटी ६१०च्या जिवावर जे मिळवू बघत होतो ते माझ्याच जिल्ह्यात, सावंतवाडीकरांच्या आश्रयाने, विजेशिवाय चालत होतं. गोष्ट सांगणारा एक चित्र उभं धरतो, हुडूक आणि टाळ वाजतात, गाणं सरतं, मग पुढचं चित्र. फ्रेमरेट मोजायचाच तर काही मिनिटांना एक. कोणी अडकतंय म्हणून तक्रार केल्याचं ऐकिवात नाही.

मी त्या रेघेकडे जरा जास्त वेळ बघत राहिलो. गेममधली रेघ जिथे जिथे खोली बदलते तिथे तिथे पडते, सरसकट. तारेच्या कुंपणावर पडते, झुडपाच्या पानापानावर पडते, आणि मग लांबचं झुडूप म्हणजे काळा गिचमिडा. चित्रकथीतल्या माणसाने झाडाची पानं मोजकी काढली होती, कारण त्याला रावण दाखवायचा होता. रेघ कुठे घालायची नाही, हे यंत्राला आठ शेजाऱ्यांना विचारून कळत नाही.

तिथल्या चामड्याच्या बाहुल्या बघताना पुण्याचा 'राजी' आठवला. नॉडिंग हेड्स गेम्स या पुण्याच्या छोट्या कंपनीचा 'राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक' २०२० साली आला. त्यात गोष्ट पुढे सरकते ती छायाबाहुल्यांसारख्या प्रसंगांतून, आणि बाकीचं जग पहाडी चित्रशैलीच्या छायेत हाताने रंगवलेलं. २०१७ मध्ये त्यांनी लोकवर्गणीतून पैसे उभे करायचा प्रयत्न केला होता, तो फसला. तरी गेम झाला आणि द गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या गेमांच्या नामांकनांत बसला. 'राजी'मध्ये काळ्या कडा नाहीत, तो कॉमिक नव्हे. पण महागड्या प्रकाशाच्या मागे न लागता रंगवणाऱ्या हातावर भिस्त ठेवली की काय होतं, ते त्यात दिसतं. तो खेळताना मी एकदाही फ्रेमचा आकडा लावला नाही. विसरलोच.

६. खरा चोर भलताच निघाला. 'बॉर्डरलँड्स २'मध्ये फिजएक्स नावाची एक सोय आहे. ती वाढवली की कापडं फडफडतात, दगडाचे तुकडे जमिनीवर उसळतात, चिकट द्रव वाहतो. कार्डाला झेपत नसेल तर तो बोजा प्रोसेसरवर जाऊन बसतो. मी ती 'हाय'वर ठेवली होती. आपण गेम घेतलाय तर सगळं वापरायला नको? ती लोवर आणली, कोपऱ्यांत खोट्या सावल्या भरणारं ॲम्बिएंट ऑक्लूजन बंद केलं, आणि रेघ जागच्या जागी ठेवूनही आकडा तिशीला टेकला. दीड वर्ष रेघेवर आळ घेत होतो आणि शेजारी पताका फडकत होती.

७. आणि त्याहून मोठा चोर डब्याच्या आत. मे महिन्यातल्या एका रात्री पंखा इतका ओरडायला लागला की आई आतून म्हणाली, "रे, तो डबो कित्याक बोंबलता? फुटात मा खयतरी." कॅबिनेट उघडलं. तांबडी माती, खाऱ्या हवेने पकडलेले स्क्रू, पंख्याच्या पात्यांवर गोधडी जमलेली आणि वीजपुरवठ्याच्या खोबणीत पालीची दोन अंडी. ब्रश, जुनं बनियन, प्रोसेसरवर नवी थर्मल पेस्ट. अंडी कुंडीत नेऊन ठेवली. त्या रात्री एकही सेटिंग न बदलता पाच फ्रेम वाढल्या. समुद्रापासून दोन हाकांवर राहायचं आणि ग्राफिक्सच्या मेनूत उत्तरं शोधायची, याला काय म्हणावं!

८. गंभीर गेमला कॉमिकचा मुखवटा चढवून तो हलका होत नाही. रीशेड नावाचं एक फुकट साधन मिळतं. त्यात कार्टून, कॉमिक असे तयार मुलामे असतात. कुठलाही गेम घ्या, वरून चढवा. मी एका खऱ्याखुऱ्या दिसणाऱ्या गेमवर चढवला, या आशेने की आता शहर सपाट होईल आणि वेग वाढेल. शहर सपाट झालं, वेग उतरला. उतरणारच. मूळ चित्र तर पूर्ण होतंच आहे, सगळ्या सावल्या-प्रतिबिंबांसकट; त्यावर आणखी एक फेरी. हे तर मला धंद्याने शिकवायला हवं होतं. गणपतीचा भलामोठा फोटो आणून त्याला पोस्टराइज केलं तर तो चार रंगांचा दिसतो, पण फोटो उघडताना कॉम्प्युटर जेवढा कण्हायचा तेवढा कण्हतोच. आणि एवढं करून चेहऱ्यावर रेघा अशा पडल्या की नायक दशावतारातला संकासूर वाटावा. दशावतारी नट निदान आरशासमोर बसून स्वतः रंग लावतो, नाक कुठे आहे ते त्याला ठाऊक असतं.

९. कॉमिकला गरिबी लपवता येत नाही. वास्तवदर्शी गेमचं रिझोल्युशन उतरवलं की धुक्यातून पाहिल्यासारखं दिसतं, खपून जातं. काळ्या रेघेचं तसं नाही. ती तिरपी असेल तर पायऱ्या दिसतात, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या तटावर चढायला असतात तशा. त्या मोडायला एफएक्सएए नावाचं कडा गुळगुळीत करणारं सेटिंग लावलं तर पायऱ्यांबरोबर रेघही पुसट. माझ्याकडे दिवसातून दोनदा कोणीतरी व्हॉट्सॲपवरचा लोगो घेऊन येतो आणि दहा फुटी बॅनरवर लावायला सांगतो. त्याला मी जे ऐकवतो, तेच मला मॉनिटर ऐकवत होता.

म्हणून आता उलट करतो. रिझोल्युशन मॉनिटरचं जेवढं असेल तेवढंच ठेवतो आणि त्याची भरपाई सावल्यांतून, धुक्यातून, दूरच्या गवतातून काढतो. तौक्ते वादळानंतर, २०२१ मध्ये, वीज आली-गेली करता करता जुन्या डब्याने मान टाकली आणि मी जीटीएक्स १६५०वाला नवा घेतला. मॉनिटरही मोठा, वीस लाख ठिपक्यांचा, म्हणजे बांधाची भांडणं दुप्पट. 'बॉर्डरलँड्स ३' उतरवायचा होता. ७५ जीबी जागा मागणारं कॉमिक! आजोळचा अख्खा गठ्ठा एका खोक्यात मावत होता. गेममधलं धुकं तेवढं कमी केलं आणि रेघा लख्ख राहिल्या. धुकं बघायचंच असलं तर आंबोली काय लांब आहे?

१०. मेनूतल्या शब्दांवर विश्वास ठेवू नये, हे मी भाच्याकडून शिकलो. तो आता कॉलेजात आहे, गेम मोबाइलवर. बीजीएमआय गेमच्या सेटिंगमध्ये 'स्टाइल' म्हणून एक ओळ आहे : क्लासिक, कलरफुल, रिअलिस्टिक, सॉफ्ट, मूव्ही. मी मोठ्या माणसाच्या आवाजात सांगितलं, रिअलिस्टिक नको ठेवू, फोन तापेल. त्याने एकेक स्टाइल लावून दाखवली. काही फरक नाही. ती नुसती रंगांची फोडणी. खर्च वरच्या ग्राफिक्स आणि फ्रेमरेटच्या ओळींत आहे. उलट 'गेन्शिन इम्पॅक्ट' दिसायला जपानी कार्टून, पण तो लावला की त्याचा फोन पंधरा मिनिटांत तव्यासारखा. मे महिन्यातला मालवणचा घामट उकाडा, त्यात फोनला पंखा नाही. तापला की तो स्वतःच वेग उतरवतो. मग स्वारी फोन लादीवर पालथा ठेवून त्याच्या शेजारी स्वतः पालथी.

११. चोवीस फ्रेमला शैली म्हणून खपवता येतं, फक्त ते मुद्दाम केलेलं असावं लागतं. २०१८च्या स्पायडर-व्हर्स चित्रपटात बऱ्याच हालचाली सेकंदाला बारा चित्रांवर ठेवल्या होत्या, छापील कॉमिकचा ठसका यावा म्हणून. पुढे त्याच्या नायकाच्या, माइल्स मोरालेसच्या, गेममध्ये तसा एक पोशाख आला. तो घातला की बाकीचं शहर सुळसुळीत आणि हा पठ्ठ्या अडखळत उडतो. जपानी 'गिल्टी गिअर' गेमवाल्यांनी २०१४ मध्ये तर त्रिमिती पुतळे घेऊन ते हाताने काढलेल्या चित्रांसारखे एकेका मुद्रेत अडवले आणि प्रत्येक मुद्रेला उजेड कुठून यावा तेही बसून ठरवलं. इंजिन 'बॉर्डरलँड्स २'चंच, अनरिअल ३. हे वाचून मी भाच्याला म्हटलं, बघ, तेव्हा आपला गेम अडकत नव्हता, ती शैली होती. तो नुसता हसला.

फरक मला कळतो. त्यांची बारा चित्रं तालात पडतात. माझी चोवीस कधी वीस, कधी पस्तीस. म्हणून हल्ली तीसवर मर्यादा घालतो. दर चित्राला तेहेतीस मिलिसेकंद, ना कमी ना जास्त. पंचेचाळीसवर डोलण्यापेक्षा डोळ्याला बरं, पंखा गप्प, आई गप्प.

१२. 'झेल्डा' मालिकेतला 'विंड वेकर' मी खेळलेलो नाही, फक्त पाहिलाय, तरी त्याच्याबद्दल बोलायचा मोह आवरत नाही. २००० साली निन्टेन्डोने झेल्डाची एक गंभीर, खरीखुरी झलक दाखवली. वर्षभराने दाखवलं ते मोठ्या डोळ्यांचं कार्टून. लोक खवळले, पोरखेळ म्हणाले. २००२च्या डिसेंबरात तो जपानात आला. त्यात सगळीकडे समुद्र आहे आणि लाट म्हणजे निळ्यावर दोन-चार पांढऱ्या वळणदार रेघा. त्याच काळातल्या खऱ्याखुऱ्या दिसणाऱ्या गेमांचे समुद्र आज बघवत नाहीत, प्लास्टिकची ताडपत्री अंथरल्यासारखे वाटतात. हा अजून ओला वाटतो. चिवल्याच्या किनाऱ्यावर संध्याकाळी मी कधीकधी लाटेची फक्त पांढरी कड तेवढी बघायचा प्रयत्न करतो. जमतं कधीकधी.

१३. परवा एक गिऱ्हाईक आलं. नातवाचा पहिला वाढदिवस, बॅनर हवा होता. फोटो दाखवला आणि म्हणाला, "ह्येचा कार्टून कर. फोटो नको, कार्टूनच बरा. कमी घे काय ता, कार्टून तर आसा."

मोबाइलवरचं ॲप लावलं तर बाळाला मिशी आली. फिल्टर लावला तर नाक गेलं. शेवटी पेन टूल घेतलं, फोटो मागे ठेवला आणि एकेक रेघ ओढत बसलो. गालाची कड घातली, हनुवटीची सोडली. केस चारच काढले. रात्रीचा गेम राहिला. सकाळी तो आला, बघितलं, खूश झाला, दोनदा लांबून बघितलं, तिसऱ्यांदा जवळून. मग मी दर सांगितला.

"कार्टूनाक एवढे पैशे?"

मी त्याला खुर्ची दिली, चहा सांगितला, आणि कुठून सुरुवात करावी याचा विचार करू लागलो.